होडी अजून तयार नाही

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूने एक खिळा होता. त्या खिळ्याला माझ्या याद्या अडकवलेल्या असत, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या. पावसाआधीची यादी वेगळी, शाळा तपासणीची वेगळी आणि तीन-चार वर्षं होडीची वेगळी. काम झालं की मी त्यावर एक आडवी रेघ मारत असे. खरडून टाकत नसे, म्हणजे काय झालं तेही नंतर वाचता यावं. बायको म्हणायची, "अहो, माझं नाव कितव्या नंबरला आहे ते एकदा बघून सांगा." मी म्हणायचो, "तू यादीत नाहीस, तू कायमची आहेस." हे उत्तर तेव्हा मला फार चांगलं वाटायचं.

याद्यांनी माझी पुष्कळ कामं सोपी केली, त्याबद्दल तक्रार नाही. अजूनही मी यादीशिवाय बाजारात जात नाही. पण होडीची यादी मी वेगळ्याच कामाला वापरली, आणि ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

नवे पैसे चालू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माझी बदली देवरुखपासून तीन-चार कोस आत, डोंगरातल्या एका गावच्या शाळेवर झाली. गावाच्या मध्ये तळं होतं. जुन्या काळी कुणीतरी दोन टेकड्यांमध्ये जांभ्याचा बांध घालून अडवलेलं पाणी, लांबीला मैलभर आणि रुंदीला त्याच्या निम्मं. शाळा पश्चिमेच्या काठावर आणि मला मिळालेलं घर पूर्वेच्या. घराच्या ओट्यावरून शाळेची कौलं दिसायची, पण बांधावरून वळसा घालून जायला सव्वा तास लागे. एवढं समोर दिसणारं ठिकाण इतकं लांब असावं हे मला पटेना.

पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी मतलई वारा वाहतो, म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे. तो माझ्या घराकडून शाळेकडे जात होता. दुपारनंतर खारं वारं उलटं, समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे शाळेकडून घराकडे. भूगोलाच्या तासाला मी हे मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवत होतो आणि शिकवता शिकवता थांबलो. दोन्ही वेळचे बाण माझ्याच सोयीचे होते. त्या संध्याकाळी मी पहिली यादी केली. तिच्यात एकच ओळ होती: शिडाची होडी.

गावात हसू झालं. वल्ह्याची डोणी एक-दोघांकडे होती, पण शीड तळ्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं. "गुरुजी आता गलबतातून शाळेत येणार," असं म्हणत लोक वाटेवर बाजूला होऊन मला जागा देत.

राजापूरला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथल्या एका सहकाऱ्याने खाडीवरच्या एका तांडेलाचं नाव सांगितलं. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. जन्मभर समुद्रावर गेलेला, आता गुडघ्यांनी जमिनीवर आणलेला. मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. तांडेलाची लहान शिडाची होडी खाडीच्या काठाला नारळीखाली झापांनी शाकारून ठेवलेली होती. मी गेलो तेव्हा तो तिच्या सावलीत बसून जाळं विणत होता. साठीच्या पुढचा, लुंगी, वर बंडी, डोक्यावर जाळीची टोपी. मी त्याला चाचा म्हणू लागलो आणि तो मला मास्तर.

"कुठं नेनार?" त्याने विचारलं.

"तळ्यात."

"गोड्या पान्यात?"

"हो."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. "आमचा निकाह झाला तवा ही बांदली. खाऱ्या पान्याशिवाय तिला ठावं नाय काय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पन हितं ऱ्हायली तर वाळवीच खानार. न्या."

किंमत त्याने एकदाच सांगितली. अट मात्र दोनदा सांगितली: वर्षातून एक दिवस सुकाणू त्याच्या हातात द्यायचं. बाकीचे दिवस होडी माझी, तो एक दिवस त्याचा. मी लगेच हो म्हटलं. इतकी सोपी अट मी आयुष्यात ऐकली नव्हती.

होडी लाकडाच्या लॉरीतून आली आणि शेवटचा मैल बैलगाडीवरून. तांडेलही लॉरीत तिच्या शेजारी बसून आला, कारण ती कुठे राहणार ते त्याला बघायचं होतं. चार दिवस आमच्या पडवीत राहिला. शेजारणीने माझ्या बायकोला विहिरीवर विचारलं, "त्यांच्या कपाचं काय करता?" बायको म्हणाली, "विसळते." त्या विषयावर गावात पुढे बोलणं झालं नाही.

त्या चार दिवसांत मी होडीचं सगळं शिकलो आणि सगळं वहीत उतरवलं. शीड परबाणाला, म्हणजे त्या लांब तिरक्या बांबूला, कसं बांधायचं. उंडीचं तेल कधी चोपडायचं. फळ्यांच्या फटींत राळ-तेलात भिजवलेला कापूस कसा भरायचा. आणि पहिली गोष्ट, जी मला विचित्र वाटली: काठावर पडून सुकलेली होडी त्याने तळ्याच्या उथळ चिखलात नेली आणि मुद्दाम बुडवली. दोन-तीन धोंडे आत ठेवून.

"ही काय तऱ्हा?" मी विचारलं.

"तहानलीय ती. पिऊ द्या. खाडीवर आमी तीन भरत्या ठेवतो. हितं दीड दिस धरा." धोंडा सारखा करत तो पुढे म्हणाला, "सुकलेल्या होडीच्या फटी भरू नयेत, मास्तर. उपाशी मान्साच्या पोटाचं माप घेऊन सदरा शिवला तर जेवल्यावर काय हुईल? गुंड्या तुटनार. आदी पोटभर पिऊ द्या. मंग जितं रडंल, तितंच कापूस. तो बी हलक्या हातानं."

मी लिहून घेतलं. क्रमांक एक: दीड दिवस बुडवून ठेवणे. क्रमांक दोन: गळेल तेवढ्याच ठिकाणी कापूस.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. तांडेलाने सुकाणूचा दांडा काखेत धरला, मोकळ्या हाताने शिडाची दोरी घेतली आणि तळं ओलांडायचं सोडून ते आडवं-उभं फिरून बघितलं. बांधाजवळ वारा कुठे मरतो, टेकडीच्या खोबणीतून तो अचानक कुठे फुटतो, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळत होतं. माझ्या पायांपाशी पाणी साचू लागलं. मी जागा बदलली.

"येतंय पाणी," मी म्हटलं.

"येनारच. कोरडी होडी फोटूत असते." त्याने पायाने एक टिनाचा डबा माझ्याकडे सरकवला. "तुमी डबा मारा, मी हिला चालवतो."

दोन तास आम्ही तळ्यावर होतो. त्यात मी चार वेळा पाणी उपसलं. परत काठाला लागताना त्याने शीड सोडलं आणि होडी आपल्या वेगाने येऊन चिखलात अलगद टेकली, कुणी पाटावर बसावं तशी. तो उतरला नाही. थोडा वेळ तसाच दांडा काखेत धरून बसला होता. मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, म्हणून मी उतरून दोऱ्या गुंडाळायला लागलो.

पुढचं वर्ष होडीने मला शाळेत नेलं आणि आणलं. दसऱ्यानंतर पाणी निवळलं की सुरुवात, आणि पावसाच्या तोंडाशी ती वर काढायची. सकाळी मतलईवर पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे, चारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत. वह्यांचा गठ्ठा मेणकापडात गुंडाळलेला. नोकरीतली माझी सगळ्यात चांगली वर्षं ती, हे मी बिनदिक्कत सांगू शकतो.

दिवाळीच्या सुमाराला तांडेलाचं पोस्टकार्ड आलं. त्याला लिहिता येत नव्हतं. त्यांचा पोस्टमन लिहून देई. होडी कशी आहे, मी कधी येऊ, एवढाच मजकूर.

मी होडीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिलं. शाळा तपासणी आली की आम्ही शिक्षक भिंतींना चुना लावतो, नकाशे पुसतो, फुटका माठ मागे लपवतो. वर्षभर मुलं त्याच शाळेत शिकलेली असतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. होडीचा रंग उडाला होता. शिडाला दोन ठिगळं होती आणि ती माझ्या टाक्यांची, वाकडी. सुकाणूची एक लोखंडी पट्टी गंजली होती. तांडेलाने मला एवढी नीट शिकवून दिलेली होडी मी अशी ठेवली, असं त्याला दिसू नये. मी यादी केली, सतरा कामांची, आणि उत्तर लिहिलं: होडी अजून तयार नाही. काही दुरुस्त्या राहिल्या आहेत. झाल्या की कळवतो.

ते पोस्टकार्ड मी शाळेतून टाकलं. म्हणजे त्या होडीत बसून तळं ओलांडलं, पेटीत कार्ड टाकलं आणि संध्याकाळी त्याच होडीतून घरी आलो.

सतरातली अकरा कामं झाली. मग परीक्षा आल्या, मग पाऊस. पुढल्या दिवाळीला त्याचं दुसरं कार्ड आलं. तोवर यादीत नवी कामं शिरली होती. दुरुस्तीच्या यादीचा स्वभावच तसा. मी पुन्हा तेच वाक्य लिहायला घेतलं. बायको चुलीपाशी होती. तिने विचारलं, "काय लिहिताय?"

"होडी अजून तयार नाही म्हणून."

"तुम्ही काल बसून आलात ना?"

"माझं वेगळं. तांडेलासमोर ती अशी कशी ठेवायची?"

हातातली भाकरी थापून झाल्यावर ती म्हणाली, "त्यांना होडी बघायला यायचं नाहीये. होडीत बसायला यायचंय."

मी म्हटलं, "तुला त्यातलं कळत नाही." आणि कार्ड पाठवलं. माझ्या हातून घरात पुष्कळ चुकीची वाक्यं बोलली गेली असतील. हे मला शब्दन् शब्द आठवतं.

तिसऱ्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, दिवाळीची वाट न बघता कार्ड आलं. या वेळी मजकूर मोठा होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे, माणूस सावलीसारखा दिसतो. मे महिन्यात मुलगा येऊन मुंबईला नेणार आहे. तिथे डोळ्यांचं करतील आणि मग तिथेच राहायचं आहे. त्याआधी एकदा सुकाणू धरायचं आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येतो. आणि खाली, बहुधा पोस्टमनने आपल्या मनाने घातलेली ओळ: कृपया नाही म्हणू नये.

मी नाही म्हटलं नाही. मी कामाला लागलो. या वेळी यादी पूर्ण करायचीच. होडी लगेच पाण्यातून काढली, काठावर उघड्यावरच ओंडक्यांवर चढवली आणि शाळा वळसा घालून पायी केली. जुना रंग खरवडला. लोखंडी पट्टी बदलली. शीड देवरुखच्या शिंप्याकडून नवं शिवून आणलं. होडी उन्हात महिना-दीड महिना राहिली. आमच्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन जांभ्यालाही भेगा पाडतं. फळ्यांमधल्या फटींत नखं जाऊ लागली. मी त्या फटी भरल्या. सगळ्या. लाकडी हातोडीने कापूस ठोकून ठोकून, एक थर, त्यावर दुसरा थर, त्यावर राळ. मग रंगाचे दोन हात दिले. पांढरा, आणि वरच्या काठाला हिरवा पट्टा.

वहीतला क्रमांक एक मला आठवत होता. विसरलो असतो तर बरं वाटलं असतं. दीड दिवस चिखलात बुडवली असती तर नव्या रंगाची दुर्दशा झाली असती. मी असा विचार केला की बुडवायचं ते फटी मिटाव्यात म्हणून. फटी मीच मिटवल्या आहेत, मग बुडवायचं कशाला? फार व्यवस्थित विचार होता. वहीत त्या ओळीवर मी रेघ मारली.

शुक्रवारी संध्याकाळी होडी पाण्यात घातली. शनिवारी दुपारी आत बोट फिरवून पाहिलं तर पाण्याचा थेंब नाही. कोरडी होडी फोटूत असते म्हणाला होता. आता बघेल, असं मनात आलं. शनिवारी संध्याकाळी काठावर उभा असताना होडीतून एक कर्र असा आवाज आला. लाकूड आपल्या जागी बसतंय, असं समजून मी खूश होऊन घरी गेलो. यादीतल्या शेवटच्या कामावर रेघ मारली.

रविवारी सकाळी मी एस.टी.च्या फाट्यावर गेलो. तांडेल कंडक्टरचा हात धरून उतरला. अंगात धुतलेला सदरा होता, आणि एवढ्या उन्हात त्याने वर कोट घातला होता. वाटेत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. वाऱ्याबद्दल विचारत होता. मतलई पडली का, खारं किती वाजता फुटतं. मी सांगितलं, दोनच्या सुमाराला. "मंग जेवून जाऊ," तो म्हणाला. "पन आदी तिला हात लावून येऊ."

आम्ही काठावर आलो आणि मी उभा राहिलो.

"काय झालं, मास्तर? का थांबलात?"

"पाणी शिरलंय."

"किती?"

"काठापर्यंत."

होडी बांधल्या जागी बुडून बसली होती. हिरवा पट्टा तेवढा पाण्यावर होता. तांडेलाने कोट काढून माझ्या हातात दिला. "मंग उपसू या," म्हणाला.

पलीकडच्या काठावरचा एक शेतकरी त्याची डोणी घेऊन आला होता. तो आणि मी मिळून होडी उथळात ओढली आणि पाणी काढू लागलो. काढू तेवढं परत येत होतं. डाव्या बाजूची खालून तिसरी फळी आतल्या फासळ्यांपासून सुटली होती, खिळ्यांसकट. तिच्या शेजारच्या फळीचं एक टोक उचकटलं होतं. तांडेल गुडघाभर पाण्यात उतरला आणि फळ्यांवरून हात फिरवत त्या जागी आला. फटीतून कापसाचा पीळ फुगून बाहेर आला होता. त्याने तो चिमटीत धरून ओढला, हातभर निघाला.

"कापूस किती थर?"

"दोन."

"आनि पानी पाजलं नाय."

"रंग ओला होता, चाचा."

"रंग," तो म्हणाला. "कसला रंग?"

"पांढरा. वर हिरवा पट्टा."

"चांगला दिसत असंल."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो ओळखला असता आणि मला थोडं सोपं गेलं असतं. ज्याला माणूस सावलीसारखा दिसत होता त्याच्यासाठी मी रंगाचे दोन हात दिले होते, आणि ते चांगले दिसत असतील असं तो मनापासून म्हणत होता.

मी म्हटलं, "मी दुरुस्त करतो. चार दिवस राहा."

"पोरगा परवा येतोय."

"त्याला कळवू, थोडं थांब म्हणून."

तो काठावर येऊन बसला, लुंगी पिळली. "लई थांबवलं त्याला. दोन वर्सं झाली तो बोलावतोय, डोळ्यांचं करून घेऊ म्हनून. मी म्हटलं, मास्तरांची होडी तयार नाय अजून. ती हुंदे, एक डाव बसतो, मंग येतो." हे त्याने शेतकऱ्याकडे तोंड करून सांगितलं, माझा काही गुण सांगावा तसं. "मास्तर लई नीट मानूस. तयार झाल्याबिगर बोलावनार नाय."

त्या दोन वर्षांत मी रोज त्या होडीतून शाळेत जात होतो, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. शेतकऱ्याला ते माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो डोणीची दोरी सोडायला वळला. 

जेवण झालं. दोन वाजता खारं वारं फुटलं, ठरल्या वेळी. ओट्यावर बसलेल्या तांडेलाने तोंड तिकडे केलं. मग म्हणाला, "वही आना." चारच्या गाडीपर्यंत तो मला दुरुस्ती सांगत होता. सगळा कापूस काढायचा. फळीला दाब न देता आठ दिवस पाण्यात राहू द्यायची, म्हणजे ती आपल्या अंगाने मागे येते. जुन्या खिळ्यांच्या भोकांत नवे खिळे मारायचे नाहीत, दोन बोटं सरकून मारायचे. मी क्रमांक घालून लिहीत होतो. मध्येच त्याने विचारलं, "नवं शीड कुठंय?" बायकोने घडी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने कडेकडेने शिवण चाचपली आणि म्हणाला, "हे बेस झालंय." बायको आत गेली आणि गाडीची वेळ होईपर्यंत बाहेर आली नाही.

फाट्यावर मी म्हटलं, "दिवाळीत या. मुंबईहून आणायला मी स्वतः येतो."

"येतो की," तो म्हणाला. "कळवा."

होडी जूनच्या आधी दुरुस्त झाली, त्याने सांगितलेल्या पद्धतीने. दिवाळीला मी कळवलं. उत्तर मुलाच्या अक्षरात आलं: एका डोळ्याचं झालं, फारसा गुण नाही, उशीर झाला असं डॉक्टर म्हणतात. प्रवास झेपणार नाही. बाबा विचारतात, फळी बसली का. मी चार पानांचं पत्र लिहिलं, फळी कशी बसली त्याचं. पुढच्या वर्षी मी पुन्हा बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी मुलगा नम्रपणे नाही लिहायचा आणि खाली बाबांचा एखादा प्रश्न असायचा. नंतर एका कार्डात प्रश्न नव्हता. ते वडील गेल्याचं कार्ड होतं. ती कार्डं मी क्रमाने लावून ठेवलेली आहेत. तयार नाही म्हणून गेलेली माझी दोन कार्डं अर्थात माझ्याकडे नाहीत.

माझी पुन्हा बदली झाली तेव्हा होडी मी त्या शेतकऱ्याला दिली. सोबत वही, यादी, उरलेली राळ आणि उंडीच्या तेलाचा डबा. त्याने वही घेतली, पण ती तो वाचणार नाही हे तेव्हाच दिसत होतं.

सात-आठ वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या गावी गेलो. दुपारी काठावर आलो तर होडी तिथे होती. रंगाचा मागमूस नव्हता. माझ्या वेळचं नवं शीड कधीच फाटलं होतं. आता पिठाच्या पोत्यांचं होतं, वर गिरणीचं नाव अर्धं दिसत होतं. शेतकरी उन्हाळी भाताची रोपं पलीकडे न्यायला निघाला होता. मला बघून त्याने दोन भारे सरकवून जागा केली.

"बसा गुरुजी. जरा पाणी येतं, पण होडी जाते."

"कुठून येतं?"

"तेच आपलं. डावीकडची, खालनं तिसरी फळी." तो हसला. "रोज दोनदा डबा मारायचा. एवढंच."

मी बसलो. होडी वाऱ्याला लागली तसा त्याने सुकाणूचा दांडा माझ्याकडे केला. "धरा. तुमचीच आहे."

अर्ध्या मैलाचं अंतर. पाणी माझ्या चपलांना लागलं होतं, घोट्याच्या वर येणारही नव्हतं. असंच आलं असतं, पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, कुठल्याही दिवशी.

"तुम्हीच चालवा," मी म्हटलं आणि भाऱ्यांच्या मागून डबा शोधून पाणी उपसू लागलो.